आरोग्य-समता आणि प्रादेशिक प्रतिष्ठानांचे अनुदान : 'द कॅलिफोर्निया एन्डॉवमेंट'च्या कार्याचा अभ्यास

प्रस्तावना

माणसाचे आरोग्य त्याच्या शरीरप्रकृतीवर, सवयींवर आणि वेळेवर मिळणाऱ्या औषधोपचारावर अवलंबून असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याच्या सामाजिक निर्धारकांविषयी एक आयोग नेमला होता. या आयोगाचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे ज्या परिस्थितीत जन्मतात, वाढतात, राहतात, काम करतात आणि वृद्ध होतात, ती परिस्थितीच त्यांच्या आरोग्याचा मोठा भाग ठरवते, आणि ही परिस्थिती पैसा, सत्ता व साधने यांच्या वाटपातून घडते, असे त्या अहवालाने स्पष्टपणे मांडले.

हे विवेचन मान्य केले की आरोग्यासाठी निधी देणाऱ्या संस्थांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. दवाखाना, औषधे, फिरते वैद्यकीय पथक यांसाठी पैसे देता येतात. त्यांचा हिशोबही मांडता येतो. परंतु रोगाचे मूळ दूषित पाण्यात, उद्यानाविना वाढणाऱ्या वस्तीत किंवा मुलाला वर्गाबाहेर काढणाऱ्या शालेय नियमात असेल, तर अनुदान कोणाला द्यावे आणि कशासाठी द्यावे? अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील 'द कॅलिफोर्निया एन्डॉवमेंट' या आरोग्य प्रतिष्ठानाने हा प्रश्न प्रत्यक्ष व्यवहारात हाताळला. त्याच्या अनुदान-धोरणाचा प्रवास, त्यामागील विचार, त्याचे परिणाम आणि मर्यादा यांचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

प्रथम 'समानता' आणि 'समता' यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. सर्वांना सारखेच देणे ही समानता होय. ज्याची अडचण अधिक, त्याला अधिक आधार देऊन सर्वांना निरोगी जगण्याची सारखी संधी मिळवून देणे ही समता होय. दोन समाजगटांच्या आरोग्यातील प्रत्येक तफावत अन्यायकारक असते असे नाही. वृद्धांमध्ये हृदयविकार अधिक आढळतो, यात अन्याय नाही. जी तफावत अनावश्यक आहे, टाळता येण्याजोगी आहे आणि म्हणूनच अन्याय्य आहे, तिलाच आरोग्यातील विषमता म्हणावे, अशी व्याख्या ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी केली. ती आजही आधारभूत मानली जाते.

दुसरी संकल्पना प्रतिष्ठानाची. भारतातील वाचकाच्या डोळ्यांसमोर 'आरोग्यासाठी निधी' म्हटले की कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी येतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार विशिष्ट आकारमानाच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. ही रक्कम नफ्याबरोबर वाढते-घटते. येथे विचारात घेतलेल्या प्रतिष्ठानाचे स्वरूप वेगळे आहे. त्याच्याजवळ स्वतःचा कायमचा मूलनिधी असतो, तो गुंतवलेला असतो आणि त्याच्या उत्पन्नातून वर्षानुवर्षे अनुदाने दिली जातात. त्यामुळे दहा वर्षांच्या मुदतीचे नियोजन त्याला शक्य होते. हा तपशील पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

प्रतिष्ठानाचा उगम : ही संपत्ती कोणाची?

'द कॅलिफोर्निया एन्डॉवमेंट'ची स्थापना १९९६ मध्ये झाली. ती कोणा उद्योगपतीच्या देणगीतून झाली नाही. 'ब्लू क्रॉस ऑफ कॅलिफोर्निया' ही ना-नफा तत्त्वावर चालणारी आरोग्य विमा संस्था होती. ना-नफा संस्थेला करसवलती मिळतात. त्या बदल्यात तिची मालमत्ता सार्वजनिक हितासाठी राखून ठेवलेली आहे, असे कायदा मानतो. या संस्थेने १९९३ मध्ये 'वेलपॉइंट' ही नफ्यासाठी चालणारी उपकंपनी स्थापन केली, आपला बहुतेक व्यवसाय तिच्याकडे वळवला आणि तिचे काही भाग बाजारात विकले. मूळ संस्था ना-नफाच राहिली असल्याने धर्मादाय कार्यासाठी मालमत्ता देण्याचा प्रश्न उद्भवत नाही, अशी भूमिका सुरुवातीला घेण्यात आली होती. ग्राहक संघटनांनी आणि काही लोकप्रतिनिधींनी या भूमिकेला हरकत घेतली. करसवलतींच्या आधारे दशकानुदशके वाढलेली संपत्ती ही भागधारकांची नसून जनतेची आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर १९९६ मध्ये संपूर्ण रूपांतरास मान्यता देताना तीन अब्ज डॉलरांहून अधिक मूल्याची मालमत्ता 'द कॅलिफोर्निया एन्डॉवमेंट' आणि 'कॅलिफोर्निया हेल्थकेअर फाउंडेशन' या दोन प्रतिष्ठानांकडे सोपवण्यात आली.

अशा प्रकारे जन्मलेल्या संस्थांना अमेरिकेत 'रूपांतर-प्रतिष्ठाने' म्हणतात. १९८० नंतर ना-नफा रुग्णालये व विमा संस्था नफ्याच्या क्षेत्रात जाऊ लागल्या, तसतशी त्यांची संख्या वाढली. त्यांचे कार्यक्षेत्र बहुधा एखादे राज्य, शहर किंवा जिल्हा एवढेच असते, कारण मूळ संस्थेने ज्यांची सेवा केली त्या प्रदेशातील लोकांचाच त्या संपत्तीवर हक्क मानला जातो. म्हणूनच अशा प्रतिष्ठानाने दिलेल्या अनुदानाला दानशूराची कृपा म्हणणे योग्य ठरत नाही. लोकांचीच संपत्ती विश्वस्तांच्या हातून लोकांकडे परत जाण्याचा तो एक मार्ग आहे. अनुदानाचा निर्णय कोणी घ्यावा, हा प्रश्न नैतिकदृष्ट्या इतका महत्त्वाचा का ठरतो, याचे उत्तरही या उगमातच आहे.

अनुदानाची कायदेशीर चौकट

अमेरिकेत खाजगी प्रतिष्ठानांचे नियमन मुख्यतः १९६९ च्या करसुधारणा कायद्याने घडवले. त्या चौकटीतील दोन तरतुदी येथे प्रस्तुत आहेत. पहिली तरतूद अशी की प्रतिष्ठानाने आपल्या गुंतवणुकीच्या सरासरी मूल्याच्या साधारणपणे ५ टक्के इतकी रक्कम दरवर्षी धर्मादाय कारणांसाठी खर्च केलीच पाहिजे. निधी नुसता साठवून ठेवता येत नाही. दुसरी तरतूद अशी की कायदेमंडळातील एखाद्या विशिष्ट विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात प्रभाव टाकण्यासाठी प्रतिष्ठानाला आपला पैसा वापरता येत नाही, आणि निवडणुकीतील उमेदवाराचा प्रचार तर पूर्णतः वर्ज्य आहे.

या दुसऱ्या तरतुदीमुळे अनेक प्रतिष्ठाने सार्वजनिक धोरणापासून दूरच राहतात. तथापि कायद्याने काही मार्ग खुले ठेवले आहेत. निःपक्षपाती संशोधन प्रसिद्ध करता येते. लोकांना प्रश्नाची माहिती देता येते. नागरिकांना संघटित होण्याचे व आपले म्हणणे मांडण्याचे प्रशिक्षण देता येते. त्याचप्रमाणे एखाद्या संस्थेला विशिष्ट उपक्रमासाठी न बांधता 'सर्वसाधारण आधार' म्हणून अनुदान देता येते. त्या संस्थेने कायद्याच्या मर्यादेत राहून धोरणाचा पाठपुरावा केला, तर तो तिचा स्वतंत्र निर्णय ठरतो. उपक्रमाला बांधलेले अनुदान आणि संस्थेला दिलेले मोकळे अनुदान यांतील हा फरक वरकरणी हिशोबाचा वाटतो. प्रत्यक्षात वस्तीतील संघटनेच्या हाती निर्णयाची सूत्रे जाणार की नाहीत, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

पहिला टप्पा : सेवा आणि माहिती

स्थापनेनंतरच्या वर्षांत प्रतिष्ठानाने मुख्यतः आलेल्या अर्जांवर अनुदाने दिली. दवाखाने, विमा नसलेल्यांसाठीच्या सेवा, भाषेची अडचण असलेल्या रुग्णांसाठी दुभाषे असे हे काम होते. त्याचे मोल कमी नव्हते. याच काळात प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या आरोग्याची राज्यव्यापी पाहणी झाली. सुमारे ७० टक्के शेतमजुरांकडे कोणत्याही प्रकारचा आरोग्य विमा नाही, असे तीत आढळले. देशाला भाजीपाला व फळे पुरवणारी माणसे स्वतः मात्र आरोग्यव्यवस्थेच्या बाहेर होती. आजवर केवळ जाणवणाऱ्या विषमतेला आकड्यांचे बळ मिळाले, आणि माहिती गोळा करण्यासाठी दिलेले अनुदानही समतेचे साधन होऊ शकते हे दिसून आले.

२००० मध्ये डॉ. रॉबर्ट रॉस यांनी प्रतिष्ठानाची सूत्रे हाती घेतली आणि २०२४ पर्यंत ती सांभाळली. ते बालरोगतज्ज्ञ होते. फिलाडेल्फिया शहर आणि सॅन डिएगो जिल्हा येथे सार्वजनिक आरोग्य प्रशासनाचा त्यांना अनुभव होता. त्यांच्या कारकिर्दीत एक हिशोब हळूहळू स्पष्ट होत गेला. प्रतिष्ठानाचा निधी मोठा भासला तरी शासनाच्या खर्चापुढे तो नगण्य होता. अल्प उत्पन्न गटासाठीच्या 'मेडी-कॅल' या एकाच शासकीय आरोग्य योजनेचा अलीकडचा वार्षिक खर्च दीडशे अब्ज डॉलरांच्या वर आहे. प्रतिष्ठानाचा सर्वांत मोठा कार्यक्रम होता दहा वर्षांत एक अब्ज डॉलरांचा. शासनाने जे करायचे ते प्रतिष्ठानाने आपल्या पैशातून करू म्हटले, तर निधी काही आठवड्यांतच संपला असता. तेव्हा शासकीय खर्चाची व नियमांची दिशा बदलण्याची क्षमता लोकांमध्ये निर्माण करणे, हाच थोड्या निधीचा अधिक परिणामकारक उपयोग ठरत होता.

दुसरा टप्पा : चौदा वस्त्या, दहा वर्षे

या विचारातून २०१० मध्ये 'बिल्डिंग हेल्दी कम्युनिटीज' हा दशवार्षिक कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी राज्यातील चौदा ठिकाणे निवडण्यात आली. लॉस एंजेलिसमधील बॉइल हाइट्स व साउथ लॉस एंजेलिस, लाँग बीच, सांता आना, सॅन डिएगोतील सिटी हाइट्स, पूर्व कोचेला खोरे, फ्रेस्नो, मर्सेड, दक्षिण कर्न, सॅक्रामेंटो, रिचमंड, पूर्व ओकलंड, पूर्व सलिनास आणि उत्तर टोकाचा डेल नॉर्ट जिल्हा व त्यालगतच्या आदिवासी भूमी, अशी ती ठिकाणे होत. शहरी झोपडवजा वस्त्यांपासून शेतमजुरांच्या गावांपर्यंत आणि आदिवासी प्रदेशापर्यंत हा पट पसरलेला होता. माणसाचे आयुर्मान त्याच्या जनुकांपेक्षा त्याच्या पिनकोडवरून अधिक अचूक सांगता येते, हे प्रतिपादन या कार्यक्रमाचे घोषवाक्यच बनले.

आरंभीची आखणी सुबक, पण जड होती. चार मोठे परिणाम आणि दहा फलिते प्रतिष्ठानाने ठरवून दिली आणि प्रत्येक ठिकाणच्या रहिवाशांनी व संस्थांनी त्यांना धरून आराखडे तयार करावेत, अशी अपेक्षा ठेवली. बालकांमधील लठ्ठपणा, शाळेतील उपस्थिती, तरुणांमधील हिंसाचार हे विषय त्यात होते. मात्र प्रत्यक्ष बैठकांतून लोकांनी मांडलेले प्रश्न नेहमीच या चौकटीत बसले नाहीत. कोणी घरातून हाकलले जाण्याची भीती सांगितली, कोणी पोलिसांची, कोणी स्थलांतरितांच्या धरपकडीची. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये या कार्यक्रमाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात या बदलाचे वर्णन 'सत्तेकडे वळण' असे केले आहे. विशिष्ट आरोग्य-फलितांवरून प्रतिष्ठानाचे लक्ष क्रमाने रहिवाशांच्या संघटित सामर्थ्याकडे वळले. लोकसंघटन, युवकांचे नेतृत्व, संस्थांमधील सहकार्य, शासकीय व अन्य भागीदारांची जोड आणि प्रश्नाविषयीची सार्वजनिक समजूत बदलणे, ही परिवर्तनाची पाच साधने मानली गेली. या वळणाचा अर्थ पुढील चार उदाहरणांतून अधिक स्पष्ट होईल.

फ्रेस्नो : उद्यानांचा प्रश्न

फ्रेस्नो हे कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील, शेतीप्रधान प्रदेशाच्या मध्यभागी वसलेले मोठे शहर आहे. तेथील उत्तर भाग संपन्न, तर दक्षिण भाग गरीब आहे. २०१५ मध्ये प्रतिष्ठानाच्या आधारावर काम करणाऱ्या स्थानिक संघटनेने शहराच्याच आकडेवारीवरून एक तुलना लोकांसमोर ठेवली. उत्तर भागात दर हजार रहिवाशांमागे ४.६२ एकर उद्यान-क्षेत्र होते. दक्षिण भागात जेमतेम १.०२ एकर. हे आकडे शहर बसवर जाहिरातीच्या रूपाने लावण्याची परवानगी मागितली असता, जाहिरात राजकीय स्वरूपाची असल्याचे कारण देऊन शहर प्रशासनाने ती नाकारली. नकारामुळे या विषयाला अधिकच प्रसिद्धी मिळाली. पुढे शहराने उद्यानांचा बृहद् आराखडा नव्याने तयार केला.

आराखडा झाला, तरी त्यासाठी पैसा नव्हता. तेव्हा नागरिकांनीच पुढाकार घेऊन नोव्हेंबर २०१८ मध्ये एक ठराव मतदानास आणला. तीस वर्षे विक्रीवर ०.३७५ टक्के कर आकारून त्यातून उद्याने, पाऊलवाटा व कला यांसाठी निधी उभा करावा, असा तो ठराव होता. अशा ठरावाचा प्रचार कायद्याच्या दृष्टीने कायदेमंडळावरील प्रभावाच्याच सदरात मोडतो, त्यामुळे त्यासाठी खाजगी प्रतिष्ठानाला पैसे राखून देता येत नव्हते. प्रतिष्ठानाच्या अनुदानातून उभे राहिले होते ते आधीचे काम, म्हणजे रहिवाशांचे संघटन आणि प्रश्नाची मांडणी. ठरावाला सुमारे ५२ टक्के मते मिळाली. कर लागू होण्यासाठी दोन-तृतीयांश मते लागतात, असे शहराचे म्हणणे पडले. प्रकरण न्यायालयात गेले आणि नागरिकांनी आणलेल्या ठरावास साधे बहुमत पुरेसे आहे, असा निर्णय अपील न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. जुलै २०२१ पासून कर लागू झाला. त्याचे अपेक्षित उत्पन्न वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर होते. प्रतिष्ठानाने स्वतः एखादे उद्यान बांधून दिले असते, तर ते एक उद्यान राहिले असते. येथे शहराच्या तिजोरीत तीस वर्षांची तरतूद झाली.

शाळा : शिस्त आणि आरोग्य

शाळेतील शिस्तीचा आरोग्याशी काय संबंध, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडतो. परंतु अपुऱ्या शिक्षणाचा पुढील आयुष्यातील उत्पन्नाशी, रोजगाराशी आणि आयुर्मानाशी असलेला संबंध सर्वमान्य आहे. वारंवार निलंबित होणारे मूल शाळेपासून तुटते. २०११-१२ या वर्षात कॅलिफोर्नियातील शाळांमध्ये सात लाखांहून अधिक निलंबने नोंदली गेली. त्यांतील मोठा भाग 'हेतुपुरस्सर अवज्ञा' या सदराखाली होता. मारामारी किंवा अमली पदार्थ यांसाठी स्वतंत्र सदरे होती. या सदरात उलट उत्तर देणे, टोपी न काढणे, गृहपाठ न आणणे असे काहीही बसू शकत होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निलंबन त्यांच्या पटावरील प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक होते.

चौदा ठिकाणच्या युवक गटांशी बोलताना हा विषय पुनःपुन्हा पुढे आला. प्रतिष्ठानाने या गटांना, विधिज्ञांच्या संस्थांना आणि आकडेवारीचे विश्लेषण करणाऱ्यांना आधार दिला. निलंबनाऐवजी संवादातून सलोखा घडवणाऱ्या पद्धतींच्या प्रसारालाही हातभार लावला. मे २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या शालेय मंडळाने अवज्ञेच्या कारणावरून निलंबन करणे बंद केले. २०१४ च्या राज्य कायद्याने तिसऱ्या इयत्तेपर्यंत, २०१९ च्या कायद्याने आठवीपर्यंत आणि २०२३ च्या कायद्याने बारावीपर्यंत ही बंदी वाढत गेली; त्यांतील वरच्या इयत्तांसाठीची तरतूद २०२९ पर्यंतच्या मुदतीची आहे. निलंबनांची संख्या २०१३-१४ पर्यंतच सुमारे पाच लाखांवर आली होती. या घटीचे सारे श्रेय एका प्रतिष्ठानाला देता येणार नाही. अनेक संघटना, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी या प्रयत्नात होते. तथापि ज्यांच्यावर नियमाचा बडगा पडत होता, ती मुले स्वतः विधानमंडळाच्या समित्यांपुढे बोलू लागली, हा बदल संघटनासाठी दिलेल्या दीर्घ मुदतीच्या आधारामुळे सुकर झाला.

पाणी : तातडीची गरज आणि कायमचा उपाय

दक्षिण कर्न व पूर्व कोचेला खोऱ्यातील अनेक शेतमजूर वस्त्यांच्या भूजलात आर्सेनिकचे प्रमाण सुरक्षित मर्यादेपेक्षा अधिक आढळत होते. नळाचे पाणी पिण्याजोगे नसल्याने गरीब कुटुंबांना पाण्याचे बिलही भरावे लागे आणि बाटलीबंद पाणीही विकत घ्यावे लागे. २०१४ मध्ये प्रतिष्ठानाने इतर संस्थांच्या सहकार्याने शाळांत व सार्वजनिक ठिकाणी शुद्ध पाण्याची केंद्रे बसवण्याची मोहीम हाती घेतली. ही तातडीची सोय होती. दुसरीकडे याच खोऱ्यांतील रहिवाशांच्या संघटना राज्यस्तरावर पाठपुरावा करीत होत्या. २०१२ मध्ये पाण्याचा मानवी हक्क राज्याच्या कायद्यात नमूद झाला होता. २०१९ च्या कायद्याने सुरक्षित व परवडणाऱ्या पाण्यासाठी २०३० पर्यंत वर्षाला १३ कोटी डॉलरांपर्यंतचा निधी निश्चित केला. तहानलेल्याला आज पाणी देणे आणि उद्या त्याच्या नळाला शुद्ध पाणी यावे म्हणून झटणे, ही दोन्ही कामे परस्परपूरक असून पहिल्याने दुसऱ्याची जागा घेऊ नये, हे या उदाहरणातून लक्षात येते.

वैद्यकीय संरक्षण : कमावलेले आणि गमावलेले

२०१० च्या केंद्रीय आरोग्य कायद्याने विम्याची व्याप्ती वाढवली, मात्र कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना त्यातून वगळले. या संदर्भात प्रतिष्ठानाने दोन पातळ्यांवर काम केले. पहिले काम पात्र लोकांच्या नोंदणीचे. २०१३ मध्ये राज्य शासनाने प्रतिष्ठानाकडून २ कोटी ६५ लाख डॉलर स्वीकारले. मेडी-कॅलच्या नोंदणीसाठी दिलेल्या या रकमेला केंद्राच्या निधीची जोड मिळावी, अशी तिची रचना होती. खाजगी अनुदानाच्या प्रत्येक डॉलरमागे सार्वजनिक निधी खेचून आणण्याचे हे एक बोलके उदाहरण होय. दुसरे काम वगळलेल्यांविषयीची सार्वजनिक समजूत बदलण्याचे. 'सर्वांसाठी आरोग्य' या आशयाची मोहीम प्रतिष्ठानाने चालवली आणि स्थलांतरितांच्या संघटनांना आधार दिला. मे २०१६ पासून कॅलिफोर्नियात स्थलांतराच्या दर्जाचा विचार न करता अल्प उत्पन्न गटातील सर्व मुलांना मेडी-कॅलचा पूर्ण लाभ मिळू लागला. २०२० मध्ये २५ वर्षांपर्यंतचे तरुण, २०२२ मध्ये पन्नाशीपुढील प्रौढ आणि जानेवारी २०२४ मध्ये उरलेला वयोगट असा हा परीघ क्रमाक्रमाने पूर्ण झाला.

परंतु हा विजय अबाधित राहिला नाही. आर्थिक तुटीचे कारण देऊन जून २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात जानेवारी २०२६ पासून कागदपत्रे नसलेल्या १९ वर्षांवरील व्यक्तींची नवी नोंदणी थांबवण्याचा निर्णय झाला. मुलांचे व गर्भवतींचे संरक्षण कायम ठेवण्यात आले. आधीच नोंदलेल्या प्रौढांपैकी अनेकांवर २०२७ पासून मासिक हप्त्याचा भार येईल, असेही ठरले. धोरणातून मिळालेली समता धोरणानेच आकसू शकते, हे येथे दिसते.

मर्यादा आणि आक्षेप

या अनुभवाचे मूल्यमापन करताना चार मर्यादा नजरेआड करता येत नाहीत. पहिली निवडीची. चौदा ठिकाणे निवडली म्हणजे तितक्याच गरजू असलेल्या अनेक वस्त्या बाहेर राहिल्या. राज्यव्यापी कायद्यांचा लाभ सर्वांना झाला, संघटनेचे बळ मात्र मोजक्यांनाच मिळाले.

दुसरी मोजमापाची. लसीकरणाची टक्केवारी काढता येते. नगरपरिषदेच्या सभेत निर्भयपणे उभे राहणाऱ्या आईचे सामर्थ्य कोणत्या मापाने मोजावे? आयुर्मानातील फरक घडून येण्यास एका दशकाहून अधिक काळ लागतो. तोवर मधल्या पायऱ्यांवरच, म्हणजे बदललेले नियम, वळलेला निधी, टिकलेल्या संघटना यांवरच निष्कर्ष काढावे लागतात.

तिसरी अवलंबित्वाची. कार्यक्रम मुदतीचा असतो, संघटनांचे काम मात्र मुदतीने संपत नाही. एकाच मोठ्या दात्यावर उभ्या राहिलेल्या संस्थेला त्याच्या बदलत्या प्राधान्यक्रमांशी जुळवून घेण्याचा मोह होतो.

चौथी आणि सर्वांत मूलगामी मर्यादा लोकशाहीविषयी आहे. प्रतिष्ठानाचे विश्वस्त निवडून आलेले नसतात. त्यांनी सार्वजनिक धोरणाच्या दिशेने निधी वळवला, तर तो धनशक्तीचाच प्रभाव नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप हलका नाही. त्याला अंशतः उत्तर असे देता येते की धोरणावर प्रभाव टाकणारे संपन्न हितसंबंध आधीपासूनच कार्यरत असतात. ज्यांचा आवाज पोहोचत नाही त्यांना बोलण्याचे साधन मिळाल्याने लोकशाहीचा तोल सावरतो. मात्र हे उत्तर तेव्हाच ग्राह्य ठरते, जेव्हा काय बोलायचे ते रहिवासी ठरवतात. विषय विश्वस्तांनी ठरवला आणि रहिवाशांना फक्त व्यासपीठावर बसवले, तर आक्षेप जसाच्या तसा उरतो. प्रतिष्ठानाने आपली दहा फलिते बाजूला सारून लोकांच्या विषयांकडे वळणे, हे या दृष्टीने केवळ कार्यपद्धतीतील बदल नव्हते. ती त्याच्या वैधतेची अट होती.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. प्रादेशिक आरोग्य प्रतिष्ठानाचा निधी शासकीय खर्चाच्या तुलनेत अत्यल्प असतो. त्यामुळे सेवांची जागा भरून काढण्यापेक्षा सार्वजनिक निधी व नियम यांची दिशा बदलण्यात त्याचा उपयोग अधिक होतो. तातडीच्या सेवा त्यासोबत आवश्यकच राहतात.

२. अनुदानाची रक्कम जितकी महत्त्वाची, तितकेच त्याचे स्वरूपही महत्त्वाचे असते. दीर्घ मुदतीचे, एका उपक्रमाला न बांधलेले अनुदान स्थानिक संघटनांना स्वतःचा निर्णय घेण्याची मोकळीक देते.

३. वस्तीपातळीवरील विषमतेची खरी आकडेवारी सोप्या रूपात लोकांच्या हाती देणे, हे अल्पखर्चिक पण प्रभावी साधन आहे. फ्रेस्नोतील उद्यानांचे दोन आकडे याची साक्ष देतात.

४. धोरणातील यश पुसले जाऊ शकते. मेडी-कॅलच्या बाबतीत २०२५ मध्ये तेच घडले. अशा वेळी ते परत मिळवण्यासाठी उभ्या राहणाऱ्या लोकांच्या संघटना शिल्लक आहेत की नाहीत, यावरच अनुदानाचे टिकाऊपण ठरते.

ज्या संपत्तीतून हे प्रतिष्ठान उभे राहिले, ती भागधारकांच्या हाती जाण्यापासून १९९६ मध्ये वाचली, कारण काही नागरिकांनी 'ही संपत्ती कोणाची?' असा प्रश्न वेळेवर विचारला. पुढे तीच संपत्ती जेथे रहिवाशांना 'ही उद्याने, ही शाळा, हे पाणी कोणाचे?' असे विचारण्याचे बळ देऊ शकली, तेथे तिने आपल्या उगमाशी इमान राखले. असे प्रश्न विचारणारे नागरिक वस्तीत तयार होणे, हेच आरोग्यासाठी दिलेल्या अनुदानाचे सर्वांत टिकाऊ फलित मानावे लागेल.